हंटरवाली आली रे!

गिरणीत पाळी सुटल्याचा भोंगा झाला. आता घरी नाही जायचं, चला माझ्याबरोबर. केसांत अडकलेली रुई झटकत बसू नका. इंदूरच्या या परदेशीपुऱ्यात ती सगळ्यांच्याच डोक्यात असते. साच्यांचा खडखडाट अजून कानांत आहे, म्हणून तुम्ही ओरडून बोलताय. बोला खुशाल! पाटणीपुरा, मालवा मिल मागे टाकत शहराकडे निघालेला अख्खा घोळका तसाच बोलतोय.

टॉकीजच्या खिडकीशी रांग वगैरे काही नाही. कोपर पुढे काढा, मुठीतली नाणी घट्ट धरा, हात आत घाला. मिळालं तिकीट? मग पळा! पडद्याजवळचे बाक सगळ्यांत स्वस्त, आणि तेच आधी भरतात. “सरका जरा, दादा,” म्हणत कुणीतरी तुमच्या मांडीवरच बसतं. घाम, बिडी, खोबरेल, भाजके शेंगदाणे. बाहेर माळव्याची रात्र गार होत चाललीय. इथे सदरा पाठीला चिकटलाय.

दिवे गेले. दुष्ट वजीर राजाला कोंडतो आणि तुमच्या मागून शिव्यांचा पाऊस सुरू होतो. मग घोड्यावरून येते मुखवटा लावलेली, चाबूक फिरवणारी राजकन्या माधुरी. कमरेवर हात ठेवून ती आरोळी ठोकते, “हेऽऽय!” आणि सगळं टॉकीज तिला उलट आरोळी देतं. ऐकलंत? त्यात तुमचाही आवाज होता.

ही नादिया. जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, खरं नाव मेरी इव्हान्स. सोनेरी केस झाकायला तिनं साफ नकार दिला. उड्या तिच्याच, मार तिचाच. बदली कुणी नाही. दिग्दर्शक होमी वाडियांचा हा १९३५चा ‘हंटरवाली’ घ्यायला वितरक धजत नव्हते. मुंबईत तो २५ आठवडे चालला! जाणकार अशा स्टंटपटांना हलकं म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. दिवसभर साच्यापाशी उभं राहून, जॉबरची, म्हणजे मुकादमाची, बोलणी गिळून आलेल्या माणसाला कुणीतरी वजिराच्या शिपायांना धडाधड लोळवताना बघायला मिळतंय. ती साधी गंमत नव्हे. बघा ना, शेजारच्याच्या मुठी कशा वळल्यात.

आणि बायकांच्या बाजूला कान द्या. पुरुषांच्या शिट्ट्यांवर मात करणाऱ्या टाळ्या तिकडून येताहेत.

रीळ तुटलं! बाक आपटा, ओरडा, पाय हाणा जमिनीवर. ती छपरावरून उडी घेता घेता अडकलीय, आणि खाली शिपाई वाट बघताहेत.