मोहाची दारू व तिचे कागद

जर्मनींतील फिक्या लागर बिअरचा इतिहास लिहूं पाहणारास साधनांची वाण पडत नाहीं. म्यूनिकच्या स्पाटेन कारखान्यानें ‘हेलेस’ नांवाची फिकट सोनेरी बिअर १८९४ सालीं बाजारांत आणिली, हें निश्चित सांगतां येतें. बिअरमध्यें जव, हॉप व पाणी यांखेरीज कांहीं घालूं नये, हा बवेरियाच्या ड्यूकांचा १५१६ चा हुकूम शब्दशः उपलब्ध आहे. व्हाइहेनश्टेफान येथील कारखाना तर १०४० ची सनद पुढें करितो. ती सनद पुष्कळ मागाहून बनविलेली आहे असें जाणत्यांचें मत आहे. पण बनावट सनद करावीशी वाटणें हेंहि दप्तर राखण्याच्या संवयीचेंच द्योतक होय.

शहादें तालुक्यांत व त्याच्या उत्तरेस सातपुड्यांत पिढ्यान् पिढ्या गाळली जाणारी मोहाची दारू इतकी भाग्यवान नाहीं. ती गाळणारांनीं स्वतः कांहीं लिहून ठेविलें नाहीं. जें लेखनिविष्ट झालें तें कर घेणारांनीं, बंदी करणारांनीं व सुधारणा करूं इच्छिणारांनीं. या साक्षी कितपत विश्वसनीय धराव्या, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम वस्तु काय आहे तें पाहूं. मोह फाल्गुन-चैत्रांत फुलतो. मांसल, पिवळट पांढरीं फुलें उत्तररात्रीं गळूं लागतात व सकाळीं झाडाखालीं सडा पडतो. बायकामुलें आधीं पालापाचोळा झाडून किंवा जाळून जागा साफ करितात, मग फुलें टोपल्यांत वेंचितात. अंगणांत वाळविलीं कीं तीं आक्रसून मनुकांसारखीं तांबूस होतात. वाळल्या फुलांचा निम्म्याच्या आसपास भाग साखरेचा असतो. म्हणून दुष्काळांत तींच उकडून पोट भरण्याच्या कामीं आलीं आहेत. दारूसाठीं तीं कांहीं दिवस पाण्यांत आंबत घालितात. नंतर मडकें चुलीवर चढवून त्याचें तोंड दुसऱ्या मडक्यानें झांकितात, सांधे मातीनें लिंपतात, आणि बांबूच्या नळीनें वाफ गार पाण्यांत ठेविलेल्या भांड्यांत उतरवितात. आरंभीं येते ती ‘पहिल्या धारेची’; मागची धार क्रमानें पातळ होत जाते. लागर या शब्दांतच सांठवणीचा अर्थ आहे. ती थंडींत सावकाश आंबवून गार तळघरांत आठवडेच्या आठवडे मुरवावी लागते, व याच कारणास्तव बवेरियांत १५५३ पासून उन्हाळ्यांत बिअर करण्यास मनाई होती. सातपुड्याच्या उन्हांत आंबलेलें टिकत नाहीं. तें गाळूनच घ्यावें लागतें.

चवीचेंहि तसेंच. लागरमध्यें धान्याची गोडी आधीं लागते व हॉपचा कडवटपणा मागून येतो. मोहाच्या दारूंत सर्वांपुढें येतो तो वास : वाळल्या फुलांचा उग्र, गोडसर, त्यावर चुलीच्या धुराची छटा. जीभेला ती वासाच्या मानानें सौम्य वाटते, घशाला मात्र तशी वाटत नाहीं. नवख्या मनुष्यास हा वास रुचेलच असें नाहीं. परंतु त्या वासावरून पिणाराची परीक्षा करणें हा न्याय नव्हे.

तालुक्यांतील प्रकाशें येथें १९५४-५५ सालीं उत्खनन होऊन ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे थर सांपडले. तेथील मडक्यांवरून दारूच्या प्राचीनत्वाचें अनुमान काढण्याचा मोह आवरावा हें बरें. लेखी आधार मात्र जुना आहे. कौटिल्यानें सुराध्यक्ष नेमून दारू सरकारी देखरेखीखालीं आणिली, तरी उत्सव, समाज व यात्रा यांत चार दिवसांची सूट ठेविली. मद्य हें कराचें साधन खरें, पण तें देवकार्याचेंहि अंग आहे, एवढें त्या शास्त्रकारास मान्य होतें. सरहद्दीपलीकडे देवमोगरा येथें याहामोगी देवीस आजहि भाविक दारूची धार वाहतात.

इंग्रजी अमलांत ही सूट नाहींशी झाली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें घरगुती भट्टी हा गुन्हा ठरून मध्यवर्ती भट्ट्यांची व मक्त्यांची पद्धति पक्की झाली. तिचे प्रमुख पुरस्कर्ते चार्ल्स प्रिचर्ड हे होत. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत तर १८९२ च्या कायद्यानें नुसतीं फुलें बाळगण्यावरहि निर्बंध आले. झाडाखालीं पडलेलें फूल उचलणें हाच संशयाचा विषय झाला! यानंतरच्या सरकारी लिखाणांत भिल्लांच्या व्यसनाचीं वर्णनें वारंवार येतात. तीं वाचतांना लिहिणाराचें खातें महसुलाचें होतें, व भिल्लानें घरीं गाळलेली प्रत्येक धार त्या खात्याच्या हिशेबीं तूट होती, हें विसरूं नये. तीं वर्णनें अबकारीचा पुरावा म्हणून उत्तम आहेत. चालीरीतींचा पुरावा म्हणून तपासून घ्यावीं.

तथापि दुसरी बाजू केवळ बाहेरच्यांनीं रचिलेली आहे असेंहि म्हणतां येणार नाहीं. १९२२ सालीं ‘देवी’ची लाट किनाऱ्याकडून खानदेशमार्गें सुरत जिल्ह्यांत गेली, दारू-मांस सोडा, स्नान करा, असें ती घुमणारांच्या मुखें सांगे. १९३८ च्या सुमारास तळोदें तालुक्यांत गुला महाराजांनीं हाच उपदेश केला. पुढें १९७२-७३ त खुद्द शहाद्यांत, अंबरसिंग सुरतवंती व श्रमिक संघटना यांनीं जमिनीचा व मजुरीचा लढा उभारला असतां, आदिवासी स्त्रियांनीं गांवोगांव दारूचीं मडकीं फोडलीं. नवऱ्याचा मार सोसणाऱ्या स्त्रीची ही साक्ष अबकारी अधिकाऱ्याच्या साक्षीपेक्षां निःसंशय अधिक वजनाची आहे. तिनें फोडलें तें मडकें गुत्त्याचें होतें. देवीपुढच्या धारेशीं तिचें भांडण होतें असें मानण्यास प्रस्तुत लेखकास आधार दिसत नाहीं.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतरहि मोहाच्या फुलांवरील नियंत्रण राहिलें. इकडे हें चाललें असतां नर्मदेपलीकडील मध्यप्रदेशानें अलीकडे या दारूस ‘वारसा मद्य’ म्हणून मान्यता दिली असून अलीराजपूर जिल्ह्यांत ती शासनाच्या परवानगीनें गाळली जाते.

शहादें, तळोदें, सुलतानपूर या बाजूच्या जुन्या घराण्यांत कलालीचे मक्ते, भट्टीपट्टीचे हिशेब किंवा मोहफुलांच्या उधारीच्या वह्या असण्याचा संभव आहे. ज्यांच्या संग्रहीं असे मोडी कागद असतील त्यांनीं ते रद्दींत न घालतां नक्कल करून ठेवावे. भिली व पावरी बोलींत भट्टीच्या प्रत्येक भागास काय म्हणतात, आणि धार वाहतांना कोणते शब्द उच्चारितात, हेंहि त्याचबरोबर टिपून घ्यावें. कारण गाळणाराच्या बाजूचें दप्तर तेवढेंच आहे.