हलकी गळकाठी : साधन आणि पद्धती

ओढ्यातील ट्राउट माशासाठी वापरावयाची हलकी गळकाठी ही नव्या द्रव्यांची देणगी होय, असे सामान्यतः मानले जाते. इतिहास या मताला पुरता दुजोरा देत नाही.

आयझॅक वॉल्टनच्या 'कम्प्लीट अँगलर' या ग्रंथास चार्ल्स कॉटनने १६७६ साली पुरवणी जोडली. काठीची लांबी नदीच्या रुंदीवरून ठरवावी असे सांगून ट्राउटच्या नदीस १५ ते १८ फूट त्याने पुरेसे मानले. घोड्याच्या केसांची दोरी तेव्हा काठीच्या टोकालाच बांधीत. त्यामुळे माशापासून दूर राहून पिसांची कृत्रिम माशी पाण्यावर टाकावयाची, तर काठीच लांब हवी.

पुढे दोरी गुंडाळणारे रीळ रूढ झाले. तरी लांब काठीचा आग्रह सुटला नाही. १८५७ साली स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्ट्युअर्टने 'प्रॅक्टिकल अँगलर'मध्ये प्रश्न निराळ्या रीतीने मांडला. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून राहतो. म्हणून गळ टाकणाऱ्याने खालच्या अंगाने वर चढत जावे. मागून येणारा माणूस माशास सहसा दिसत नाही. जवळून नेम साधतो आणि एका हाताने पेलणारी आखूड, ताठ काठी पुरते.

बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेल्या काठ्या हायरम लेनर्डने अमेरिकेत प्रचारात आणल्या त्या १८७० नंतर. कार्बन तंतूंची काठी तर १९७० नंतरच्या दशकातली. द्रव्यांनी काठीचे वजन उतरविले हे खरे. परंतु आखूड काठीची गरज त्यापूर्वीच पद्धतीने निर्माण केली होती. ओढ्यासाठी काठी निवडणाऱ्याने आपण माशाच्या कोणत्या बाजूस उभे राहणार, हे प्रथम ठरविणे म्हणूनच इष्ट.