दुव्यांच्या सूची : एका व्यवस्थेचा उदयास्त

ग्रंथालयात नवे पुस्तक आले म्हणजे ते प्रथम दाखल-नोंदवहीत चढते, मग त्यास वर्गांक मिळतो आणि त्यानंतरच ते कपाटात जाते. नोंद झाली नाही, किंवा भलत्या वर्गात झाली, तर पुस्तक इमारतीत असूनही वाचकाच्या दृष्टीने नसल्यासारखेच. महाजालावरील संकेतस्थळांसही एके काळी याच वाटेने जावे लागे. संकेतस्थळ तयार झाले की त्याचा चालक दुव्यांच्या एखाद्या सूचीकडे अर्ज करी. तेथील संपादक ते पाहून योग्य त्या वर्गात त्याची नोंद करी. ही व्यवस्था पंचवीसेक वर्षांत उदयास आली, भरभराटली आणि बहुतांशी मावळली. तिचा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी संस्थांचा एक जुनाच प्रश्न त्यात गुंतलेला आहे. आपली नोंद नेमकी कोठे व्हावी, हा तो प्रश्न.

वर्गीकरणाचा विषय आपल्या मंडळींस परका नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले. कटर आणि ड्युई या दोघांच्या पद्धतींचा मेळ घालून बोर्डेन यांनी बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरण रचले. बडोद्याहून १९१२ पासून निघालेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. पुढे शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. पुस्तक हाताळून पाहणारा, त्याचा विषय ओळखणारा आणि त्याची जागा ठरविणारा जाणता माणूस या सर्व कामांच्या मुळाशी होता.

महाजालाचा आरंभही अशाच माणसांपासून झाला. जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली उपलब्ध स्थळांची एक यादी ठेवण्यास प्रारंभ केला. तीच पुढे ‘व्हर्च्युअल लायब्ररी’ म्हणून ओळखली गेली. तिचा विशेष असा की, ती एका कचेरीत तयार होत नसे. एकेक विषय त्या विषयाच्या जाणकाराने स्वेच्छेने अंगावर घेतलेला असे आणि त्याची यादी तो आपल्या ठिकाणी सांभाळी. म्हणजे महाजालावरची पहिली मोठी सूची ही वस्तुतः अनेक विशेष सूचींचा संघच होती.

३० एप्रिल १९९३ रोजी ‘सर्न’ने हे तंत्र सर्वांस विनामूल्य खुले केले आणि संख्या झपाट्याने वाढू लागली. मॅथ्यू ग्रे यांच्या मोजणीनुसार जून १९९३ मध्ये सुमारे १३० संकेतस्थळे होती. डिसेंबर १९९४ मध्ये ती दहा हजारांवर गेली. त्याच १९९४ सालाच्या आरंभी स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग व डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या आवडीच्या दुव्यांची यादी करावयास घेतली होती. तिचीच ‘याहू’ झाली आणि १९९५ साली तिची कंपनी झाली. वर्गीकरणाची घडी बसविण्याची जबाबदारी श्रीनिजा श्रीनिवासन या विदुषींकडे होती. कला, शिक्षण, शासन, समाज, प्रदेश असे मुख्य वर्ग आणि त्यांखाली उपवर्गांच्या शाखा, असा तो वृक्ष होता.

आता इंदूरच्या एखाद्या मराठी वाचनालयाचे उदाहरण कल्पून पाहा. प्रदेशाच्या शाखेने उतरत गेल्यास त्याची जागा भारत, मग मध्य प्रदेश, मग इंदूर अशी येईल. भाषेच्या शाखेने गेल्यास ती मराठीत येईल. पहिल्या जागी ठेवले तर पुण्याचा मराठी वाचक तेथवर पोहोचणार नाही. दुसऱ्या जागी ठेवले तर इंदूरकरांस ते आपल्या शहराचे म्हणून सापडणार नाही. आपण ज्या ज्या राज्यात राहतो तेथे हा अनुभव नित्याचा आहे. भाषेने एकीकडचे व वस्तीने दुसरीकडचे असल्याने दोन्ही याद्यांतून निसटण्याची पाळी आपल्यावर येते. याहूने यावर एक साधी तोड काढली होती. वर्गाच्या नावापुढे ई-मेलच्या पत्त्यातले ‘ॲट’चे चिन्ह दिसले की समजावे, हा वर्ग मूळचा दुसऱ्या शाखेत आहे, पण वाट येथूनही आहे. ग्रंथपाल ज्याला ‘हेही पाहा’ म्हणतात त्याचेच हे रूप. दोन ठिकाणचे असणे हा दोष न मानता त्याची रीतसर नोंद करता येते, हे त्या एका चिन्हाने दाखवून दिले.

पगारी संपादकांना वाढत्या अर्जांचा निपटारा होईना, तेव्हा रिच स्क्रेंटा व बॉब ट्रुएल यांनी जून १९९८ मध्ये स्वयंसेवकांच्या बळावर दुसरी सूची काढली. ती त्याच वर्षी नेटस्केप कंपनीकडे गेली आणि ‘ओपन डिरेक्टरी’ अथवा ‘डीमॉझ’ या नावाने प्रसिद्ध पावली. तिची सामग्री कोणासही विनामूल्य वापरता येई. गूगलनेही २००० साली त्याच सामग्रीवर आपली सूची उभी केली होती.

या सूचीत अर्ज करण्याची रीत शिस्तीची होती. अर्जदाराने आधी वृक्ष धुंडाळून आपला नेमका वर्ग शोधावा आणि त्याच पानावरून प्रस्ताव धाडावा. मथळा म्हणून संस्थेचे अधिकृत नाव द्यावे. वर्णन एक-दोन वाक्यांत, त्रयस्थ भाषेत असावे. ‘सर्वोत्तम’, ‘अग्रगण्य’ अशी विशेषणे संपादक काढून टाकीत. अपुरे, बांधकाम चालू असलेले स्थळ पाठवू नये. आम्ही सरकारी नोकरीत हयात घालविली. अर्जदाराने आपण कोण व काय करतो हे दोन ओळींत खरेखरे सांगणे किती दुर्मीळ असते, ते जाणतो. म्हणून या रीतीचे मोल आम्हांस विशेष वाटते.

मराठीच्या दृष्टीने या मानवी नजरेचा आणखी एक उपयोग होता. भारतात सर्वसामान्यांसाठी महाजाल १५ ऑगस्ट १९९५ पासून खुले झाले. त्या काळातील पुष्कळशी मराठी पाने ‘शिवाजी’सारख्या खास फॉन्टमध्ये असत. पडद्यावर मराठी दिसे, परंतु यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी होती. युनिकोड रुळेपर्यंत शोधयंत्रांस असे पान वाचता येणे कठीणच होते. फॉन्ट बसवून ते वाचणारा आणि त्याचा विषय लिहून ठेवणारा माणूस हाच त्याचा मार्गदर्शक ठरत असे. मराठीतील विशेष सूचींत ‘मराठी ब्लॉग विश्व’चे नाव घ्यावे लागेल, अनेक मराठी लेखक आपली नोंद तेथे करीत.

या व्यवस्थेच्या ऱ्हासास वेग आणि पैसा ही दोन कारणे झाली. स्थळे कोट्यवधी झाली आणि अर्ज महिनोन्‌महिने पडून राहू लागले. याहूने १९९९ पासून व्यावसायिक स्थळांचा निर्णय त्वरित देण्यासाठी १९९ डॉलर शुल्क घेण्यास सुरुवात केली. पुढे ते वर्षाला २९९ डॉलर झाले. दुसरीकडे, गूगलने एका पानाकडून दुसऱ्याकडे जाणारा दुवा हे जणू मत मानले. साहजिकच सूचीतील नोंदीस बाजारभाव आला आणि वाचकासाठी नव्हे तर केवळ दुवे विकण्यासाठी शेकडो सूची निघाल्या. गूगलने २००८ साली ‘सूचींत नोंद करा’ हा आपला सल्ला मागे घेतला, आणि २०१२ पासून कृत्रिम दुव्यांच्या आधारे वर चढलेल्या स्थळांस खाली ढकलण्यास प्रारंभ केला. गूगलची सूची २०११ मध्ये, याहूची २०१४ च्या अखेरीस आणि डीमॉझ मार्च २०१७ मध्ये बंद झाली. शेवटी डीमॉझमध्ये सुमारे ३८ लाख स्थळे ९० भाषांत नोंदलेली होती. तिच्या संपादकांनी ‘कर्ली’ या नावाने काम पुढे चालू ठेवले, परंतु पूर्वीचा दबदबा राहिला नाही.

मोठी सूची बुडाली तरी विशेष सूची मात्र टिकू शकते. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाने २००३ साली विनामूल्य वाचता येणाऱ्या संशोधनपत्रिकांची सूची ३०० पत्रिकांनिशी सुरू केली. पुढे दर्जाविषयी शंका येऊ लागल्या, तेव्हा २०१४ मध्ये कसोट्या कडक करून नोंदलेल्या सर्व पत्रिकांस पुन्हा अर्ज करावयास सांगण्यात आले. ज्यांनी तो केला नाही अशा सुमारे ३,३०० पत्रिका २०१६ मध्ये वगळण्यात आल्या. आज तीत २० हजारांहून अधिक पत्रिका आहेत. मर्यादित विषय, जाहीर कसोट्या आणि ठरावीक काळाने फेरतपासणी, या तीन गोष्टींनी तिला तारले.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, गोवे येथील मराठी संस्थांचा पसारा काही लाखांचा नाही. जाणत्या माणसांच्या हातून पुरी होण्याजोगी ती सूची आहे. शोधयंत्र आज विचारलेल्या शब्दाचे उत्तर तत्काळ देते हे मान्यच. परंतु ज्या संस्थेचे नावच ठाऊक नाही तिच्याविषयी विचारणार कोण? हैदराबादच्या तरुणास ग्वाल्हेरच्या ग्रंथसंग्रहाचा पत्ता लागतो तो यादी चाळतानाच. म्हणून प्रत्येक केंद्राने एकेक स्वयंसेवक नेमावा, आणि संस्थेच्या घटनेतील नाव, शहर, स्थापनावर्ष, कार्याचे दोन ओळींचे वर्णन, दुवा आणि शेवटच्या तपासणीची तारीख एवढीच माहिती त्याने लिहावी. शहराखाली व मराठीखाली अशी दोन्हीकडून वाट ठेवावी. संकेतस्थळ नसलेल्या संस्थांसही त्यात स्थान असावे. दुवा तुटला तर त्यापुढे तसा शेरा व दिनांक लिहावा, मात्र ओळ खोडू नये. दफ्तरात नस्ती निकाली निघाली तरी आवक-वहीतील तिची ओळ कायम राहते, आणि पुष्कळदा पन्नास वर्षांनी तेवढीच ओळ उपयोगी पडते.