उन्हात मुरलेली वाईन

वाईन म्हटलं की सगळे आधी एकच सांगतात, गारव्यात ठेवा, हवा लागू देऊ नका. मदेरा बेटावरच्या वाईनने हे दोन्ही नियम धाब्यावर बसवले आणि त्यावरच नाव कमावलं. आमच्या भाषेत, बगचं फीचर झालं!

मदेरा हे अटलांटिकमधलं पोर्तुगीज बेट, मोरोक्कोच्या पश्चिमेला. पंधराव्या शतकात तिथे वस्ती झाली, ऊस लागला आणि त्या उसासाठी गुलाम आणले गेले. (वाईनच्या गप्पांत हा भाग सहसा गाळतात.) द्राक्षंही होतीच. फुंचाल बंदर जहाजांच्या वाटेवर पडायचं, त्यामुळे अमेरिकेला किंवा हिंदुस्थानात जाणारी जहाजं इथून वाईनची पिंपं भरून घ्यायची. विषुववृत्ताच्या उन्हात, जहाजाच्या पोटात ती महिनोन्‌महिने तापायची. खरं तर व्हिनेगर व्हायला हवं होतं. पण अठराव्या शतकात टिकण्यासाठी तिच्यात ब्रँडी घालायला लागले होते, आणि तापलेली वाईन उलट जास्त चांगली लागायची. मग व्यापारी मुद्दाम पिंपं जहाजावर फिरवून परत आणायला लागले. या फिरून आलेल्या वाईनला नाव पडलं 'विन्यु द रोदा'. पण हा प्रकार महागडा. म्हणून बेटावरच टाक्यांमध्ये ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने तापवायची पद्धत आली. उंची माल मात्र उबदार माळ्यावर, लाकडी तुळयांवर ठेवलेल्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरतो.

अमेरिकेत तर या वाईनपायी दंगल झाली. १६६३ च्या इंग्रजी कायद्याने युरोपचा माल इंग्लंडमार्गेच वसाहतीत न्यावा लागे, पण मदेराच्या वाईनला सूट होती. साहजिकच तिकडे तिची चटक लागली. पुढे तिच्यावर जकात बसली आणि १७६८ मध्ये जकात चुकवून मदेरा उतरवल्याच्या आरोपावरून बोस्टनमध्ये जॉन हॅनकॉकचं 'लिबर्टी' जहाज जप्त झालं. लोक रस्त्यावर आले. आठ वर्षांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर पहिली सही याच हॅनकॉकची!

इकडे कंपनीचे साहेबही मुंबई-मद्रासला हीच प्यायचे. मग १८५० च्या दशकात वेलींवर भुरी आली, १८७२ मध्ये मुळं खाणारी फायलोक्सेरा कीड आली. मधल्या काळात, १८६९ मध्ये, सुएझ कालवा उघडला आणि हिंदुस्थानची जहाजं मदेराला वळसा घालायचीच थांबली.

हे सगळं शोधायचं कारण म्हणजे कॉलेजातला माझा रूममेट. त्याने लिस्बनहून दहा वर्षं मुरलेल्या बुआल द्राक्षाची एक बाटली आणली होती. ती माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये एक अख्खा मे महिना माळ्यावर पडून होती. तो आता कॅनडाला निघालाय, बहुतेक कायमचा. म्हणाला, "आत्ता नको रे, उघडली की संपवावी लागेल. मी परत आलो की बघू." म्हटलं, हिचं तसं नाही. हवा आणि ऊन दोन्ही आधीच खाऊन झालंय, उघडल्यावरही कित्येक महिने टिकते. मग शनिवारी उघडली. जळक्या साखरेचा वास, अक्रोड, आणि शेवटी सणसणीत आंबट. त्याने पहिला घोट घेतला आणि म्हणाला, "अरे, हे तर आजीचं उन्हातलं गोड लिंबाचं लोणचं!"

अर्धी बाटली शिल्लक आहे. तो डिसेंबरात यायचं म्हणतोय.