सागरासाठी घडलेले पटल

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यावर ऑरेंज काउंटी नावाचा जो परगणा आहे, त्याच्या उत्तर व मध्य भागांत राहणारे सुमारे २५ लाख लोक जे पाणी पितात त्याचा मोठा हिस्सा जमिनीखालून उपसलेला असतो. आणि या भूगर्भातील साठ्याची राखण व भरपाई करण्याचे काम १९३३ साली राज्याच्या विधिमंडळाने खास कायदा करून स्थापिलेल्या ऑरेंज काउंटी वॉटर डिस्ट्रिक्ट या संस्थेकडे आहे. या संस्थेचा वृत्तान्त लिहिणारे बहुधा सांता आना नदीपासून आरंभ करतात, वाळू, बंधारे आणि पाझर तलाव यांच्या वाटेने पुढे सरकतात आणि शेवटी सांडपाणी शुद्ध करून ते पुन्हा जमिनीत मुरवण्याच्या आजच्या जगप्रसिद्ध प्रकल्पापाशी येऊन थांबतात, जणू ही सारी एकाच बीजातून वाढलेली वेल आहे. मला हा वंशवृक्ष मान्य नाही. खाऱ्यातून गोडे पाणी काढणाऱ्या पटलाच्या एका जुन्या अमेरिकन पेटंटावर सिडनी लोब या नावाशेजारी श्रीनिवास सौरिराजन हे भारतीय नाव वाचले, तेव्हापासून या प्रकल्पाची कुळी नदीत न शोधता समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या स्वप्नात शोधली पाहिजे, असे माझे मत बनत गेले आणि पुढील वाचनाने ते दृढच झाले.

नदीची बाजू सर्वश्रुत असल्याने थोडक्यात सांगतो. १९३६ पासून संस्थेने अनाहाइम शहरालगतच्या नदीपात्राचे पट्टे विकत घेण्यास प्रारंभ केला. १९४९ पासून कोलोरॅडो नदीचे पाणी विकत घेऊन तेही त्याच वाळूत सोडले. आणि वरच्या अंगाच्या गावांशी पाण्याच्या हक्कावरून चाललेला कज्जा १९६९ च्या तहनाम्याने मिटून प्राडो धरणापाशी दरसाल ४२,००० एकर-फूट प्रवाहाची हमी पदरात पाडून घेतली. पात्रात आजही बुलडोझरने इंग्रजी एल आणि टी या अक्षरांच्या आकाराचे वाळूचे बांध घालतात, त्यामुळे सरळ धावू पाहणारे पाणी वळसे घेत साऱ्या पात्रभर पसरते आणि मुरते. बाजूच्या पाझर तलावांची तऱ्हा आपल्याकडच्यासारखीच आहे; तळाशी साका बसला की पाणी मुरणे मंदावते, मग तलाव रिकामा करून, तळ वाळवून, तो पातळ थर खरवडून काढावा लागतो.

वसुलीची व्यवस्था मात्र अधिक लक्ष देण्याजोगी आहे. शेजारच्या लॉस एंजेलिस परगण्यातील भूजलखोऱ्यांत कोणाचा उपशाचा हक्क किती, याचा निवाडा न्यायालयाकडून करून घेण्यात आला. ऑरेंज काउंटीने त्या वाटेला न जाता, १९५३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, प्रत्येक विहिरीचा उपसा मोजावा, दर एकर-फुटामागे पुनर्भरण-पट्टी आकारावी आणि जमा होणाऱ्या पैशातून भरपाईचे पाणी मिळवावे, असा शिरस्ता घातला. पुढे त्यात आणखी एक कलम आले: नगरांनी आपल्या एकूण गरजेपैकी किती टक्के पाणी भूगर्भातून घ्यावे, हे संस्था दरवर्षी ठरवते आणि त्यापेक्षा अधिक उपसणाऱ्यावर असा जादा आकार बसवते, की त्याला ते पाणी दुरून आणलेल्या पाण्याच्याच भावात पडावे. बंदी कोणावर नाही. पण हव्यासाला किंमत आहे. भूजल-प्रशासनाच्या इतिहासात इतकी समंजस तरतूद मला दुसरी आढळलेली नाही.

असे असूनही १९५६ पर्यंत साठ्याची पातळी समुद्रसपाटीच्याही खाली गेली, आणि टॅलबर्ट गॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, दोन पठारांमधील प्राचीन नदीमार्गाच्या वाळूतून समुद्राचे खारे पाणी सुमारे साडेतीन मैल आत शिरले. कोकणात खाडीकाठची विहीर वैशाखात मचूळ का होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या संकटाचे स्वरूप निराळे समजावून सांगायला नको. गोडे पाणी खाऱ्याहून किंचित हलके असल्याने ते खाऱ्यावर तरंगते, आणि त्याची पातळी समुद्रसपाटीहून एक फूट उंच असेल तर सपाटीखाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत ते खाऱ्याला दाबून ठेवते. याचाच व्यत्यास भयंकर आहे: वरची पातळी एक फूट उतरली की खालचे खारे पाणी चाळीस फूट वर चढू पाहते. या नियमाला १८८८ च्या सुमारास तो मांडणारा डच लष्करी अधिकारी बादोन घायबेन आणि १९०१ मध्ये उत्तर समुद्रातील बेटांच्या अनुभवावरून तो पुन्हा मांडणारा जर्मन अभियंता हेर्त्सबेर्ग यांची नावे जोडली जातात. परंतु वेस्ट पॉइंटच्या सैनिकी विद्यालयातील जोसेफ द्यू कोम्यून या शिक्षकाने १८२८ मध्येच गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या या समतोलाचे विवेचन छापून प्रसिद्ध केले होते. तेव्हा अग्रपूजेचा मान न्यायाने त्याचाच आहे.

समुद्राला थोपवायचे तर किनाऱ्याच्या आत गोड्या पाण्याचा भूमिगत उंचवटा उभारला पाहिजे, हे या नियमातून उघड होते. आणि १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लॉस एंजेलिसकरांनी मॅनहॅटन बीच येथे, प्रथम एका टाकून दिलेल्या विहिरीत व नंतर विहिरींच्या एका रांगेत, पाणी उलट खाली दाबून ही युक्ती साधून दाखवली. ऑरेंज काउंटीनेही फाउंटन व्हॅली गावातून जाणाऱ्या एलिस अॅव्हेन्यू या रस्त्याच्या कडेने अशा २३ विहिरी खोदल्या. विहिरीने पाणी द्यायचे सोडून घ्यायला लागावे, हीच मोठी नवलाची गोष्ट. तिने घेतलेल्या पाण्याचा काही भाग समुद्राकडे सरकून खाऱ्याला मागे रेटतो आणि उरलेला देशाकडे वाहत जाऊन पिण्याच्या साठ्यात मिसळतो. आता प्रश्न उरला तो या विहिरींना पाजायचे पाणी आणायचे कोठून? कोलोरॅडोचे पाणी महाग, बेभरवशाचे आणि स्वतःच क्षारयुक्त. परगण्याचे सांडपाणी मात्र रोज समुद्रात वाहून जात होते. चुना, गाळण्या आणि कोळसा यांनी त्यातील घाण निघते. परंतु विरघळलेले मीठ निघत नाही, आणि भूगर्भात सोडण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून अधिक क्षार नसावेत असे बंधन होते. येथे कथेत समुद्राचा प्रवेश होतो.

१७४८ मध्ये आबे नोले या फ्रेंच पंडिताने मद्यार्काने भरलेल्या कुपीच्या तोंडाला डुकराच्या मूत्राशयाचे कातडे बांधून ती पाण्यात ठेवली, तेव्हा पाणी आपण होऊन आत शिरले आणि कातडे फुगून आले. परासरणाची ही पहिली नोंद. दाब देऊन ही क्रिया उलटवता आली तर खाऱ्यातून गोडे पाणी पिळून काढता येईल, हे सुचणे अवघड नव्हते. अवघड होते तसे पटल मिळणे. दुसऱ्या महायुद्धानंतर या शोधाला दोन ठिकाणी वेग आला आणि येथूनच जनकत्वाचा वाद सुरू होतो. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात हॅसलर आणि युस्टर या दोघांनी निरनिराळ्या कल्पना धरल्या. हॅसलरने सेलोफेनच्या दोन पडद्यांमध्ये हवेचा पातळ थर राखण्याचा मार्ग घेतला. युस्टरची कल्पना तर काव्यमय म्हणावी अशी, की समुद्राच्या पाण्याच्या अगदी पृष्ठावर, जेथे त्याला हवा भिडते, तेथे काही रेणूंचा थर मिठावाचून असतो, तेव्हा तो अलगद खरवडून घेता आला पाहिजे. दरम्यान फ्लोरिडात रीड आणि ब्रेटन यांनी नाना तऱ्हेच्या पापुद्र्यांची कसोटी घेतली आणि सेल्युलोज अॅसिटेट हा पदार्थ मीठ अडवतो, हे १९५९ पर्यंत निर्विवाद दाखवले. मात्र त्यांच्या पापुद्र्यातून पाणी इतके अल्प झिरपे, की व्यवहारात त्याचा उपयोग शून्य.

फ्लोरिडाचे पक्षपाती म्हणतात, पटल आमचेच. लॉस एंजेलिसने केवळ ते सुधारले. मला हा दावा पटत नाही, आणि त्याचे कारण लोब व सौरिराजन या युस्टरच्या हाताखाली काम केलेल्या दोघांनी नेमके काय केले, हे जवळून पाहिल्यावर स्पष्ट होते. त्यांनी प्रयोगशाळांना गाळण्या पुरवणाऱ्या एका कंपनीचे तयार सेल्युलोज अॅसिटेटचे पापुद्रे आणले आणि ते पाण्याखाली तापवले, म्हणजे त्यांची छिद्रे आकसतील. काही वेळा मीठ उत्तम अडले, काही वेळा तोच पापुद्रा निकामी ठरला. या लहरीपणाचा माग काढता काढता ध्यानात आले, की पापुद्र्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत: एका विशिष्ट बाजूने खारे पाणी लावले तर काम होते, उलटा बसवला तर होत नाही. तेथून पुढे त्यांनी स्वतःच पटल ओतण्यास घेतले. अॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या सेल्युलोज अॅसिटेटमध्ये त्यांनी पाणी आणि मॅग्नेशियम परक्लोरेट मिसळले. हा क्षार त्यांनी १९३६ सालच्या एका फ्रेंच शोधनिबंधातून उचलला, ज्याचा समुद्राशी किंवा पिण्याच्या पाण्याशी तिळमात्र संबंध नव्हता. ते द्रावण थंडीत काचेवर पसरून, क्षणभर हवा लागू देऊन, बर्फाच्या पाण्यात बुडवायचे आणि शेवटी गरम पाण्यात मुरवायचे. असे केल्यावर तापवून निवलेल्या दुधावर साय धरावी तशी वरच्या बाजूला एक अतिशय पातळ, दाट त्वचा धरते आणि तिच्याखाली सच्छिद्र, सैल थर राहतो. मीठ अडवते ती त्वचा, आणि ती इतकी पातळ असल्यानेच पाण्याला वाट मिळते. रीडला द्रव्य सापडले हे खरे; परंतु रचना सापडली ती लॉस एंजेलिसला, आणि कुळाचे नाव रचनेवरूनच चालले पाहिजे. १९६० मध्ये अर्ज केलेले त्यांचे पेटंट १९६४ मध्ये मिळाले. सौरिराजन पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत गेले आणि लोबने १९६५ मध्ये कोलिंगा या, एके काळी आगगाडीने पिण्याचे पाणी आणणाऱ्या गावी, अशा पटलाचे पहिले संयंत्र चालवून दाखवले. आज पुण्या-नाशिकच्या स्वयंपाकघरांत भिंतीवर जो ‘आरओ’ टांगलेला दिसतो, तो याच घराण्यातला.

कोलिंगाचे पाणी खारे होते, पण समुद्राचे नव्हते, ही गोष्ट मला सूचक वाटते. समुद्रजलात लिटरमागे सुमारे ३५,००० मिलिग्रॅम क्षार असतात आणि त्याचा परासरणाचा दाबच सुमारे २५ वातावरणांचा असतो, तेवढा ओलांडल्यावाचून पाण्याचा एक थेंबही सुटत नाही. सांडपाण्यात क्षार हजाराच्या आसपास असल्याने हा अडसर जवळजवळ नाहीसाच होतो. म्हणजे समुद्रासाठी जन्मलेल्या पटलाला सृष्टिनियमानेच समुद्रापासून दूर जाणे भाग होते.

फाउंटन व्हॅलीत हे प्रत्यक्ष घडलेले दिसते. एकविसाव्या शतकाकडे दृष्टी ठेवून नाव दिलेल्या ‘वॉटर फॅक्टरी २१’ या शुद्धीकरण केंद्राच्या मूळ योजनेत केंद्र सरकारच्या खारेपाणी विभागाने त्याच आवारात उभारलेले, समुद्रजल उकळून गोडे करणारे एक प्रायोगिक यंत्र होते. शुद्ध केलेल्या सांडपाण्यात त्याचे निर्मळ पाणी मिसळून क्षार मर्यादेत आणावेत, असा इरादा होता. ते यंत्र अल्पावधीतच बंद पडले, आणि त्याची रिकामी जागा १९७७ मध्ये सेल्युलोज अॅसिटेटच्या पटलांनी घेतली: केंद्राच्या दीड कोटी गॅलन दैनिक क्षमतेपैकी ५० लाख गॅलन सांडपाणी या पटलांतून जाऊ लागले. माझ्या सिद्धान्ताचा हा कणा आहे. समुद्र पिण्यासाठी आणलेल्या दोन साधनांपैकी उकळणारे गेले, गाळणारे राहिले. आणि जे राहिले त्याने समुद्र पिण्याऐवजी समुद्राला रोखण्याचे व्रत घेतले.

प्रतिपक्ष म्हणेल, की लॉस एंजेलिस परगण्यात माँटेबेलो येथे १९६२ पासूनच शुद्ध केलेले सांडपाणी वाळूत मुरवत होते, तेव्हा आद्य पुरुष तोच. हे पाणी मुरवण्याच्या चालीपुरते खरे आहे. परंतु तेथे अखेरचे शुद्धीकरण मातीवर सोपवलेले होते आणि क्षार काढण्याचा प्रश्नच नव्हता. किनाऱ्यावरच्या विहिरीत मातीची मध्यस्थी नाही. पाणी थेट जलधर थरात जाते. म्हणून तेथे जे कौशल्य लागले ते मैलाशुद्धीकरणाच्या शास्त्रात उपलब्धच नव्हते. ते समुद्राचे पाणी गोडे करू पाहणाऱ्या संशोधकांकडून उसने आणावे लागले. चुना, कोळसा आणि गाळणी ही आजोळची देणगी मी मोकळ्या मनाने मान्य करतो, पण घराणे पटलाचे.

२००८ मध्ये ऑरेंज काउंटीच्या मैलाव्यवस्था संस्थेच्या भागीदारीने नवे केंद्र सुरू झाले. आरंभी सूक्ष्म नळ्यांची गाळणी, मग पटले, शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइडसह अतिनील किरण, असा त्याचा क्रम. आणि बाहेर पडणारे पाणी इतके निःक्षार, की ते नळ व खडक यांतून खनिजे ओढून घेईल म्हणून त्यात मुद्दाम चुना घालावा लागतो. त्याचा एक भाग एलिस अॅव्हेन्यूच्या विहिरींत उतरतो, दुसरा नळातून सुमारे तेरा मैल वर अनाहाइमच्या पाझर तलावांकडे जातो. नदीचे घराणे आणि समुद्राचे घराणे यांची सोयरीक झाली ती येथे, त्याआधी नव्हे. पटलाचे द्रव्यही आता बदलले आहे, सेल्युलोज अॅसिटेटच्या जागी पॉलिअमाइड आले. पण सच्छिद्र आधारावर धरलेली पातळ दाट त्वचा ही लोब-सौरिराजन रचना तशीच आहे.

या केंद्राची रोजची ७ कोटी गॅलनची क्षमता २०१५ मध्ये १० कोटींवर आणि २०२३ मध्ये १३ कोटींवर, म्हणजे सुमारे ४९ कोटी लिटरवर गेली. त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, त्याच परगण्यातील हंटिंग्टन बीच येथे समुद्रजल गोडे करण्याचा ५ कोटी गॅलनांचा खासगी प्रकल्प, ज्याचे पाणी विकत घेण्याची बोलणी हीच जलसंस्था करीत होती, कॅलिफोर्नियाच्या किनारा आयोगाने एकमताने फेटाळला.