इगर्जीच्या सज्ज्यातले वादक

चर्चच्या इतिहासात बिशप येतात, संत येतात, भव्य वास्तू उभारणारे येतात. परंतु मुख्य दाराच्या वर जो सज्जा असतो, त्यात उभे राहून रविवारामागून रविवार गाणारे-वाजविणारे क्वचितच येतात. ज्याला पगार नाही किंवा असून नसल्यासारखा आहे, त्याची नोंद ठेवण्याची तसदी कोणते दप्तर घेते? आणि तरीही उपासना ज्याच्या हाती असते त्या प्रत्येकाला एक प्रश्न पडत आला आहे : वाजविणारा आणायचा कोठून, आणि आलेला टिकवायचा कसा? या प्रश्नाची दोन उत्तरे इतिहासात शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. एक इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातले, दुसरे आपल्या शेजारच्या गोव्यातले.

कादंबरीकार टॉमस हार्डी याचे आजोबा स्टिन्सफर्ड या खेड्यातल्या चर्चमध्ये चेलोच्या जातीचे वाद्य वाजवीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी हे काम अंगावर घेतले आणि १८३७ साली मरेपर्यंत केले. हार्डीचे वडील व चुलते व्हायोलिन घेऊन त्यांच्याबरोबर बसत. हे कोणी धंदेवाईक वादक नव्हते. हार्डीच्या घराण्याचा व्यवसाय गवंडीकामाचा. नाताळात घरोघर गाऊन जे मिळे ते वाटून घेतले, तर माणशी वर्षाला दहा शिलिंगांच्या वर जात नसे. तारा, राळ, दुरुस्ती आणि स्वरलिपीचा कागद एवढ्यातच ते संपून जाई. कागदावरच्या रेघासुद्धा बहुधा ते स्वतःच आखीत. त्यांच्या वहीत एका बाजूने स्तोत्रांच्या चाली असत आणि वही उलटी करून दुसऱ्या बाजूने नाचाच्या! देव आणि जत्रा यांची सोय एकाच वहीत.

मग ही माणसे कशासाठी येत? गावात त्यांना एक जागा होती, म्हणून. ती जागा बापाकडून मुलाकडे जाई. १८४२ च्या सुमारास नव्या पाद्रीसाहेबांच्या अमदानीत हा ताफा मोडला. तशीच गत त्या काळात इंग्लंडभर झाली. खेडवळ व्हायोलिनांच्या जागी ऑर्गन किंवा हार्मोनियम आला आणि दहा माणसांचे काम एकाकडे गेले. हार्डीने १८७२ साली ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ या कादंबरीत त्या वादकांचे चित्र काढले. पुढे तिच्या प्रस्तावनेत त्याने मार्मिक निरीक्षण नोंदविले, की वादक गेल्यामुळे चर्चच्या कारभारातला गावकऱ्यांचा रसच आटला. संगीत कदाचित सुधारले असेल. पण दहा घरांचा चर्चशी असलेला धागा तुटला.

गोव्याची गोष्ट निराळी. तेथे वादक आपसूक जमले नाहीत; ते घडविले गेले. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर तेथे उतरला, आणि धर्मप्रसाराबरोबर पाश्चात्य संगीतही आले. त्या प्रसारामागे राजसत्तेचा धाक होता, हे विसरून चालणार नाही. पण त्यातून जी एक संस्था उभी राहिली ती विलक्षण चिवट ठरली. ती म्हणजे इगर्जीला जोडलेली गावची शाळा. तेथे पोरांना प्रार्थना, अक्षरे आणि सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी पाहून गाणे, एकाच वेळी शिकविले जाई. शिकविणारा मेस्त्री हाच इगर्जीतल्या गायकवृंदाचा प्रमुख. त्याचा तुटपुंजा तनखा कोठे चर्चच्या निधीतून, कोठे गावच्या कोमुनिदादीकडून येई. मुलाने फी द्यायची नाही. त्याने रविवारी सज्ज्यात उभे राहायचे, फेस्ताला आणि लदिनीला रेबेक वाजवायचा. गोव्यात व्हायोलिनला रेबेक म्हणतात.

ही योजना नीट पाहिली म्हणजे तिच्यातली मख्खी ध्यानात येते. वादक हवा म्हणून कोणाची मनधरणी करावी लागत नव्हती. आठ-नऊ वर्षांच्या पोराला आधी विद्या दिली जाई, आणि सेवा ही त्या विद्येची गुरुदक्षिणा असे. शिवाय येथेही वहीला दोन बाजू होत्याच. सकाळी लॅटिन मोतेत गाणारा तोच रेबेकवाला रात्री लग्नघरात मांडो आणि दुलपद वाजवी. चर्चने दिलेली कला चर्चबाहेरही मान देत होती, म्हणूनच ती घ्यायला घरे उत्सुक होती.

पण याच गुणात गळतीचे बीज होते. जो स्वरलिपी वाचू शकतो त्याला जगात कोठेही काम आहे. एकोणिसाव्या शतकापासून गोवेकर तरुण पोटासाठी मुंबईला येऊ लागले. पलटणींचे बँड, बोटींवरचे वाद्यवृंद, हॉटेलांतले जाझ, मूकपटांचे पडदे, सगळीकडे त्यांचा हात लागला. बोलपट आल्यावर तर त्यांच्यावाचून स्टुडिओ चालेना, कारण शंभर वादकांना एकसाथ वाजवायचे तर कागदावरचे स्वर वाचता आलेच पाहिजेत. शंकर-जयकिशन यांचे वाद्यवृंद रचणारे सेबॅस्टियन डिसूझा गोव्याचेच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे तर गायकवृंदाच्या मेस्त्र्याचे चिरंजीव. त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचे नाव गाण्यात अजरामर केले. ज्या शाळा इगर्जीचा सज्जा भरण्यासाठी निघाल्या, त्यांनी भरला मुंबईचा स्टुडिओ.

याला तोटा म्हणावा काय? गावच्या मेस्त्र्याच्या दृष्टीने तोटाच. त्याने दहा वर्षे खपून तयार केलेला पोर ऐन उमेदीत आगबोटीवर चढे. पण नाते तुटत नसे. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावोगावच्या नावाने ‘कूड’ उभे राहिले. त्यांत रोज संध्याकाळी माळेची प्रार्थना होई आणि गावच्या फेस्ताचा दिवस पाळला जाई. डॉर्सेटात गावाने वादकांना दूर सारले. गोव्यात वादक दूर गेले, पण गाव त्यांच्याबरोबर गेला.

नियमांनीही सज्ज्याचे रूप बदलले. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीताविषयी जे फर्मान काढले, त्यात गायकवृंदातून स्त्रियांना वगळले होते. म्हणजे गाऊ शकणारा निम्मा गाव कागदोपत्री बाद! तो निर्बंध पुढे गळून पडला. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना उपासनेचे दार उघडले. कोंकणी गीते आली, गिटार आली, आणि सज्ज्यातले गाणे खाली बाकांवर उतरले. जुन्या मेस्त्र्यांची लॅटिन पुंजी मात्र बव्हंशी पेटीत राहिली.

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाने या प्रश्नाला आणखी एका वाटेने उत्तर दिले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंग-ओवीत गायिली. टाळ आणि भजन ज्याच्या कानात लहानपणापासून आहे त्याला वेगळी स्वरलिपी शिकवावी लागत नाही. सारा मेळावाच गायक होतो. पण या वाटेलाही कोणीतरी चाल धरणारा लागतोच.

तेव्हा तात्पर्य काय? स्वेच्छेने वाजविणारा माणूस केवळ आवाहनाने मिळत नाही आणि केवळ आभाराने टिकत नाही. त्याला लहानपणी कोणी तरी शिकवावे लागते, त्याची जागा त्याची म्हणून ओळखावी लागते, आणि त्याच्या वहीची दुसरी बाजू, मग ती लग्नाची असो वा स्टुडिओची, सोसावी लागते. गोव्याच्या निनावी मेस्त्र्यांनी हे तिन्ही केले. आपला शिष्य जाणार हे ठाऊक असूनही दुसऱ्या दिवशी नवा पोर समोर बसवून त्यांनी पुन्हा सा-रे-ग, म्हणजे त्यांचे दो-रे-मी, सुरू केले. दप्तरात त्यांची नावे नसतील. पण आपण रेडिओवर जी जुनी गाणी ऐकतो, त्यांतल्या व्हायोलिनांच्या लाटेत त्यांची हजेरी लागलेली आहे.