आडनावांची वतने

जालना जिल्ह्यातील जांब या गावी, इ. स. १६०८ मध्ये, सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी जो नारायण जन्मला आणि पुढे समर्थ रामदास म्हणून विख्यात झाला, त्याच्या घराण्याकडे गावचे कुळकर्णपण होते. म्हणजे कुलाची ओळख ‘ठोसर’ आणि अधिकाराची ओळख ‘कुळकर्णी’ अशी दुहेरी नाममुद्रा एकाच उंबरठ्यावर नांदत होती. परगण्याचा अंमल पाहणारा देशमुख, त्याचा हिशेब राखणारा देशपांडे, गावचा पाटील, दप्तरातील फर्दनवीसाचा झालेला फडणीस, ही सारी प्रथम पदे होती. वतन वंशपरंपरेने चालू लागले तेव्हा पदेही रक्ताला चिकटली. गाव सोडून गेलेल्यास मात्र गावच नाव देई: परतूरचा तो परतूरकर, अंबडचा तो अंबडकर. चीनमध्येही ‘सिमा’ हे आडनाव अश्वदलाच्या अधिकारपदावरूनच उद्भवले आणि इतिहासकार सिमा च्यानमुळे अजरामर झाले. इकडे जालन्यावरील निजामाची राजवट १९४८ मध्ये मावळली, वतनेही यथाकाल लयास गेली, १९८१ मध्ये जालना स्वतंत्र जिल्हा झाला. पण शाळेच्या हजेरीपटावर देशमुख, पाटील आणि कुलकर्णी आजही आपापल्या जागी हजर आहेत.